डबा, फासा, पुडी: मुलांना त्रिमितीय आकार ओळखायला आणि त्यांची नावे घ्यायला कसे शिकवावे

तक्त्यावरचा घन हा घन नसतो. कागदावर एकमेकांना चिकटलेले तीन तिरके चौकोन काढलेले असतात आणि त्यातून खोली ओळखायची असते. मोठ्यांची नजर त्याला सरावलेली असते, चार-पाच वर्षांच्या मुलाची नसते. त्यामुळे तक्त्यावर बोट ठेवून 'घन, शंकू, वृत्तचिती' असे घडाघडा म्हणणारे मूल समोर आडवा पडलेला पावडरचा डबा पाहून गोंधळते. तक्त्यात तो उभा होता.

म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी वस्तू हातात, मग ती काय करते याचे निरीक्षण, मग नाव, मग तिचे भाग आणि सगळ्यात शेवटी चित्र. तीन ते चार वर्षांच्या मुलांशी फक्त हाताळणी आणि घरंगळवणे एवढेच करा. साडेचारपासून पहिलीपर्यंत पहिली तीन नावे, दुसरीपर्यंत पाच. पृष्ठे, कडा, शिरोबिंदू मोजणे तिसरी-चौथीत आणि घडणी (आकार उलगडून सपाट केल्यावर मिळणारी आकृती) त्यानंतर. वयापेक्षा मूल कुठल्या पायरीवर आहे ते पाहावे. तिसरीतल्या मुलालाही पहिली पायरी नवी असेल, तर तिथूनच सुरुवात करावी.

सामान जमवताना

प्रत्येक आकाराच्या किमान चार वस्तू हव्यात आणि त्या एकमेकींपेक्षा वेगळ्या दिसायला हव्यात. एखादी मोठी, एखादी लहान, एक पत्र्याची, एक लाकडी किंवा कागदी, एक उंच, एक बसकी. चारही डबे सारखेच असले तर मूल 'वृत्तचिती म्हणजे स्टीलचा डबा' एवढेच शिकते.

गोल: रबरी चेंडू, मोठी गोटी, लोकरीचा गुंडा, हाताने वळलेला मातीचा गोळा. वृत्तचिती: डाळ-साखरेचा उभ्या भिंतींचा डबा, पेन्सिल सेल, कापडाच्या किंवा फॉइलच्या गुंडाळीतले पुठ्ठ्याचे नळकांडे (दोन्ही तोंडांना कागद चिकटवून), पाच-दहा रुपयांची नाणी एकावर एक रचून चिकटपट्टी लावलेली चळत. इष्टिकाचिती: काडेपेटी, टूथपेस्टचे खोके, वीट, पत्त्यांचा जोड. शंकू: वाढदिवसाची टोपी, शेंगदाण्याची कागदी पुडी, रस्त्यावर अडथळा म्हणून ठेवतात त्याची खेळण्यातली प्रतिकृती. घन घरात सर्वांत कमी सापडतो. सापशिडीचा फासा आणि रुबिकचा क्यूब मिळतो, बाकीचे बनवावे लागतात.

तीन वर्षांखालील मूल आसपास असेल तर गोटी, फासा आणि सेल या यादीतून काढा. या तिन्ही गोष्टी तोंडात जातात आणि सेल तर गिळल्यावर पोटात इजा करतो. पत्र्याच्या डब्याच्या कापलेल्या कडांवर चिकटपट्टी लावून घ्या.

महागडा लाकडी संच नसला तरी काही अडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांसाठी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधूनच साधने उभी केली. आपल्याला ती वाट आधीच घालून दिलेली आहे.

स्वतः बनवायचे चार नमुने

नव्या शर्टाच्या घडीत येतो तसा पुठ्ठा घ्या. बुटांच्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा लहान नमुन्यांना फार जाड पडतो, घडी फुटते आणि कोपरे बोथट होतात.

घन, 5 सेमी कडेचा: 20 सेमी लांब पट्टीत 5 सेमीचे चार चौरस आखा. दुसऱ्या चौरसाच्या वर एक आणि खाली एक चौरस जोडा. चिकटवण्यासाठी जिथे गरज असेल तिथे 1 सेमीची पट्टी सोडा. घडीच्या प्रत्येक रेषेवर फूटपट्टी ठेवून संपलेले बॉलपेन जोरात ओढा आणि मगच दुमडा. ही ओढणी टाळली तर घडी वाकडी होते, घन एका बाजूला कलतो आणि 'सगळी पृष्ठे सारखी' हे मुलाला दाखवताच येत नाही. शेवटचे झाकण बंद करण्याआधी आत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा, म्हणजे मुलांच्या मुठीत तो चेपत नाही.

शंकू: 8 सेमी त्रिज्येचे अर्धवर्तुळ कापा. सरळ बाजूच्या अर्ध्या भागाला 1 सेमीची पट्टी ठेवा. गुंडाळून चिकटवले की 4 सेमी त्रिज्येचा, सुमारे 6.9 सेमी उंचीचा शंकू होतो. तळ उघडा ठेवा.

वृत्तचिती: 25.1 सेमी लांब, 6.9 सेमी उंच आयत, लांबीच्या एका टोकाला 1 सेमीची पट्टी. खाली 4 सेमी त्रिज्येचा तळ चिकटवा, वरचे तोंड उघडे. ही मापे मुद्दाम शंकूशी जुळवलेली आहेत, त्याचा उपयोग पुढे होईल.

चौकोनी सूची: 8 सेमीचा चौरस, त्याच्या चारही बाजूंवर 8 सेमी उंचीचे समद्विभुज त्रिकोण. चारही वर उचलून टोके जुळवायची. इजिप्तमधल्या गिझाच्या पिरॅमिडचा हाच आकार, म्हणून नाव सांगताना फोटो दाखवायला सोपे जाते.

पहिली पायरी: घरंगळते की घसरते?

60 सेमी लांबीची फळी किंवा पाट घ्या. एक टोक पुस्तकांवर टेकवून 10 सेमी उंच करा. या उतारावर चेंडू आणि आडवा डबा घरंगळतात, खोकी जागची हलत नाहीत. मग हळूहळू टोक 25-30 सेमीपर्यंत वर न्या, खोकी सरकू लागतात. सुरुवातीलाच फळी फार उभी केली तर फासा कोलांट्या खात खाली येतो आणि मूल म्हणते, 'घनपण घरंगळतो'. त्याचे पाहणे बरोबर असते, चूक आपल्या उताराची असते.

प्रत्येक वस्तू सोडण्याआधी मुलाला विचारा, "काय होईल सांग?" अंदाज वर्तवून मग पाहिलेली गोष्ट जास्त लक्षात राहते. अंदाज चुकला तर नुसते "पुन्हा कर बरं" म्हणा.

इथे दोन गोष्टी मुलांना खरोखर चकित करतात, त्यांना वेळ द्या. डबा आडवा ठेवला तर घरंगळतो, उभा ठेवला तर नाही. एकाच वस्तूचे दोन स्वभाव. आणि शंकू आडवा सोडला की सरळ खाली जात नाही, वळतो आणि रुंद तोंड उताराकडे करून थांबतो. सपाट फरशीवर ढकलला तर टोकाभोवती गिरकी घेतो. एका बाजूला मोठे तोंड आणि दुसऱ्या बाजूला टोक असल्यामुळे तोंडाच्या बाजूला एका फेरीत जास्त अंतर कापले जाते. ही गिरकी पाहिलेले मूल शंकू आणि वृत्तचिती यांत सहसा घोटाळा करत नाही.

त्यानंतर रचणे. एकावर एक काय राहते? घनावर घन राहतो, उभ्या डब्यावर डबा राहतो, शंकूवर काहीच राहत नाही, पण शंकू सगळ्यात वर बसतो. गोलावरही काही राहत नाही आणि गोल कशावर स्थिर ठेवायचा तर वाटीसारखे काहीतरी लागते. लगोरी रचलेल्या मुलांना यातले बरेच हाताला आधीच माहीत असते.

दुसरी पायरी: मुलाच्या नियमाने वाटणी

बारा वस्तू मिसळून समोर ठेवा आणि म्हणा, "एकसारख्या वाटतात त्या एकत्र ठेव." नियम तुम्ही सांगू नका. बहुतेक मुले पहिल्यांदा रंगावरून किंवा वापरावरून वाटतात: 'ही स्वयंपाकघराची, ही खेळायची'. ते चूक नाही. "अजून वेगळ्या पद्धतीने वाटता येईल का?" असे दोन-तीनदा विचारले की आकार पुढे येतो. तरीही आला नाही तर सगळ्या वस्तू एकाच रंगाच्या कागदात गुंडाळा. लेबल आणि रंग झाकले गेले की नजर आकाराकडेच जाते.

नेदरलँडचे पिअर व्हॅन हीले आणि दिना व्हॅन हीले-गेल्डोफ या शिक्षक जोडप्याने 1957 मध्ये भूमितीच्या आकलनाचे टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यावर मूल एकंदर रूपावरून ओळखते, दुसऱ्यावर गुणधर्मांवरून. म्हणजे लहान मूल 'हे खोक्यासारखं दिसतं म्हणून खोकं' म्हणते, 'सहा पृष्ठे आहेत म्हणून' म्हणत नाही. चपटा पत्त्यांचा जोड त्याला खोक्यासारखा दिसत नाही, म्हणून तो त्या ढिगात जात नाही. इथे दुरुस्ती करून उपयोग नसतो. पत्त्यांचे दोन जोड एकावर एक, मग तीन, मग चार ठेवून दाखवा. जाडी वाढत जाते तशी 'आता झालं खोकं' असे मूल स्वतः म्हणते, आणि मग एकेक काढत परत चपट्या जोडापर्यंत येता येते.

तिसरी पायरी: नाव

एका वेळी दोन, फार तर तीन नावे. ती एकमेकांपासून अगदी वेगळ्या आकारांची हवीत. फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने बालवाडीसाठी जी साधने तयार केली, त्यांतल्या दुसऱ्या संचात लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती हे तीन आकार होते. निवड विचारपूर्वक आहे. गोल फक्त घरंगळतो, घन फक्त बसतो, वृत्तचिती दोन्ही करते. याच तिघांपासून सुरुवात करा. मग शंकू आणि इष्टिकाचिती. सूची आणि त्रिकोणी चिती (दोन टोकांना सारखे त्रिकोण असलेला तंबूसारखा आकार) त्यानंतर.

घन आणि इष्टिकाचिती एकाच दिवशी शिकवू नका. दोन्हींना सहा पृष्ठे, आठ कोपरे, दिसायलाही जवळचे. दोन्ही नावे एकदम आली की ती एकमेकांत अडकतात आणि पुढे कित्येक महिने अदलाबदल होत राहते.

नाव देण्याची पद्धत माँटेसरी शाळांत वापरतात तीच सर्वांत भरवशाची. ती मुळात एदुआर सेगँ या फ्रेंच वैद्याची. तीन टप्पे असतात:

1. तुम्ही वस्तू मुलाच्या हातात देता आणि एवढेच म्हणता, "हा घन." थोडे थांबून पुन्हा, "घन." सोबत माहिती जोडत नाही.
2. मग ओळख: "घन आजीला दे." "गोल खिडकीत ठेव." "वृत्तचिती पाठीमागे लपव." मुलाला नाव उच्चारायचे नाही, फक्त ऐकून निवडायचे आहे. हा टप्पा सगळ्यात लांब ठेवा, वस्तूंच्या जागा बदलत राहा.
3. शेवटी वस्तू दाखवून, "हे काय?"

घरोघरी होते ते असे, की पहिल्या टप्प्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारली जाते. "हा घन. काय आहे हा? सांग!" मूल गप्प बसते आणि आपल्याला वाटते त्याला येत नाही. दुसऱ्या टप्प्यात अडखळले तर पहिल्यावर या, तिसऱ्यात अडखळले तर दुसऱ्यावर. 'चूक' म्हणण्याची गरजच पडत नाही. एकूण पाच ते सात मिनिटे पुरतात, मूल अजून खेळायच्या मनःस्थितीत असतानाच थांबा.

मराठीत नावांच्या काही अडचणी आहेत, त्या आधीच ठाऊक असलेल्या बऱ्या. घरात आपण पोळीला गोल म्हणतो, बांगडीला गोल म्हणतो, चेंडूलाही गोल म्हणतो. भूमितीत चेंडू हा गोल, पोळीचा आकार हे वर्तुळ. मुलाला रागावून हे कळणार नाही, तुम्हीच बोलताना फरक करा: कागदावर काढलेले ते नेहमी वर्तुळ. तसेच 'चौकोन' हा शब्द कागदावरच्या आकारासाठीच राखून ठेवा. फाशाला 'चौकोन' म्हटले तर "हो, त्याचं हे पृष्ठ चौकोन आहे, आणि हा पूर्ण घन" असे म्हणून दोन्ही बोटाने दाखवा. आइस्क्रीमच्या कोनामुळे शंकूला 'कोन' म्हणायची सवय लागते आणि पुढे मापाचा कोन शिकताना गडबड होते. आइस्क्रीमवाल्याकडे कोन, घरी शिकताना शंकू. 'बाजू' हा शब्दही टाळा, कारण तो कधी पृष्ठासाठी तर कधी कडेसाठी वापरला जातो आणि मोजताना मूल काय मोजायचे ते विसरते.

इष्टिकाचिती हे नाव लांबलचक आहे. इष्टिका म्हणजे वीट, एवढे सांगून एक वीट हातात द्या. मग टाळी देत इष्-टि-का-चि-ती असे पाच तुकडे. दोन दिवसांत जिभेवर बसते. सेमी-इंग्रजी शाळेतल्या मुलाला क्यूबॉइड, सिलिंडर ही नावेही लागतील, पण एका भाषेतले नाव तिसऱ्या टप्प्यापर्यंत पक्के झाल्यावर दुसरे द्या.

घन आहे की नुसते खोके?

हे नजरेने ठरत नाही. साबणाचे किंवा चहापत्तीचे एखादे खोके घनासारखे दिसते. खोक्याचे एक पृष्ठ कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. आता खोके उलटून-पालटून प्रत्येक पृष्ठ त्याच आखणीवर बसवा. सहाही पृष्ठे, कशीही फिरवून, तंतोतंत बसली तर घन. एक जरी बाहेर आले किंवा आत राहिले तर घन नाही. बनवलेला 5 सेमीचा घन आधी वापरून दाखवा, मग काडेपेटी. मुलांना ही परीक्षा फार आवडते आणि ती घरातले प्रत्येक खोके आणून तपासतात.

एक गोष्ट जपा. 'घन ही इष्टिकाचिती नाही' असे वाक्य कधीच बोलू नका. घन ही सगळ्या कडा सारख्या असलेली खास इष्टिकाचितीच आहे, जसा चौरस हा खास आयत आहे. लहान मुलाला हे सांगायची घाई नको, पण पुढे खोडावे लागेल असे काही शिकवूही नका.

चौथी पायरी: ठसे

परातीत ओली वाळू थापून सपाट करा. वस्तूचे पृष्ठ हलके दाबा आणि उचला. खोक्याचा ठसा आयत, फाशाचा चौरस, डब्याच्या तळाचा वर्तुळ, सूचीच्या तळाचा चौरस आणि उताराचा त्रिकोण. चेंडूचा? अलगद ठेवला तर फक्त एक ठिपका. जोरात दाबला तर खड्डा पडून वर्तुळ दिसते आणि मूल म्हणते, गोलाला वर्तुळ पृष्ठ आहे. म्हणून गोलासाठी वाळू नको, फरशी वापरा. चेंडूला गेरू लावून कोऱ्या कागदावर टेकवा.

वृत्तचितीचे वक्रपृष्ठ समजावण्यासाठी डब्याभोवती कागद गुंडाळून कडेने कापून उलगडा. आयत निघतो. "एवढा गुंडाळलेला भाग सरळ केला तर आयत?" हे आश्चर्य हातानेच अनुभवायला हवे. शंकूची टोपी उलगडली तर वर्तुळाचा कापलेला भाग मिळतो, तुमच्या नमुन्यात तो अर्धवर्तुळ असेल.

पाचवी पायरी: पिशवी

जाड कापडाची तोंड बांधता येईल अशी पिशवी. आत पाच वेगवेगळे आकार, बाहेर तेच पाच. बाहेरचा एक दाखवा, मुलाने आत हात घालून न पाहता तसाच काढायचा. हे सहज जमू लागले की बाहेरचे उचलून ठेवा आणि नाव सांगा: "शंकू काढ." तिसरा प्रकार सगळ्यात अवघड: मुलाने आतल्या वस्तूचे वर्णन करायचे, नाव घ्यायचे नाही, तुम्ही ओळखायचे. "एक टोक टोचतंय, दुसऱ्या बाजूला सपाट आहे." या वर्णनातूनच पृष्ठ, कड, शिरोबिंदू या शब्दांची गरज निर्माण होते.

इथे एक बारीक फसगत असते. स्टीलचा डबा हाताला गार लागतो, लोकरीचा गुंडा मऊ, फासा ठिपक्यांवरून ओळखू येतो. मूल आकार न चाचपता वस्तू ओळखून मोकळे होते. म्हणून पिशवीतल्या सगळ्या वस्तू एकाच प्रकारच्या हव्यात: पुठ्ठ्याचे नमुने किंवा शाडूचे वाळवलेले. शाडू जाड गोळ्यात वाळवताना भेगा पडतात, म्हणून नमुने 4-5 सेमीपेक्षा मोठे करू नका आणि सावलीत तीन-चार दिवस वाळू द्या. कमी दिसणाऱ्या मुलांसाठी हीच पायरी मुख्य अभ्यास ठरते. त्यांच्या पिशवीतल्या नमुन्यांच्या कडा बोथट असता कामा नयेत.

सहावी पायरी: पृष्ठे, कडा, शिरोबिंदू

मोजताना मुले एकच कोपरा दोनदा मोजतात किंवा मागचा विसरतात. उपाय स्वस्त आहे: टिकल्यांचे पाकीट. प्रत्येक शिरोबिंदूवर एक टिकली, मग टिकल्या मोजायच्या. पृष्ठांवर 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. कडांवर स्केचपेन ओढायचा, ओढलेली कड पुन्हा ओढायची नाही. घनाच्या कडा मोजताना क्रम ठेवला तर चुकत नाही: वरच्या चार, खालच्या चार, उभ्या चार.

घन आणि इष्टिकाचिती: 6 पृष्ठे, 12 कडा, 8 शिरोबिंदू. चौकोनी सूची: 5, 8, 5. त्रिकोणी चिती: 5, 9, 6. त्रिकोणी सूची: 4, 6, 4. पाचवीच्या पुढच्या मुलांना हे आकडे फळ्यावर लिहून द्या आणि पृष्ठे अधिक शिरोबिंदू वजा कडा करायला लावा. प्रत्येक वेळी 2 उरतात. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने हा संबंध मांडला. नियम आधी सांगू नका, मुलांना सापडू द्या.

वृत्तचितीला दोन सपाट पृष्ठे, एक वक्रपृष्ठ, दोन वर्तुळाकार कडा, शिरोबिंदू नाही. शंकूला एक सपाट, एक वक्र, एक वर्तुळाकार कड आणि एक शिरोबिंदू. गोलाला फक्त एक वक्रपृष्ठ. काही पुस्तके कड म्हणजे दोन सपाट पृष्ठे मिळतात ती सरळ रेषाच धरतात आणि वृत्तचितीला कड नाही असे लिहितात. परीक्षेसाठी मुलाच्या पाठ्यपुस्तकातली व्याख्या पाळा, पण बोलताना 'वक्र कड' आणि 'सरळ कड' असा भेद करायला शिकवा.

सांगाडे बनवणे हा या पायरीचा सर्वांत सुंदर भाग आहे. वाटाणे किंवा काबुली चणे आठ-दहा तास भिजवा, पाणी निथळून तासभर कापडावर पसरा. खराट्याच्या काड्या 6-7 सेमीच्या सारख्या कापा, टोके तिरकी छाटा. घनाला 12 काड्या, 8 दाणे. दाणे कमी भिजले तर फुटतात, जास्त भिजले तर काडी सैल बसते. एक दिवस वाळवले की दाणे आकसून काड्या घट्ट धरतात. मुलांना लगेच दिसेल की घनाचा सांगाडा एका बाजूला झुकतो, पण 6 काड्या आणि 4 दाण्यांची त्रिकोणी सूची ताठ उभी राहते. चौकोन कोपऱ्यांत वाकू शकतो, त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्याला हलायला वाव नसतो. घनाच्या पृष्ठांवर तिरक्या काड्या लावून तो ताठ करून पाहू द्या. या काड्या 6 सेमीच्या घनाला सुमारे साडेआठ सेमीच्या लागतात, आधीच्याच मापाच्या घेतल्या तर पोहोचत नाहीत.

सातवी पायरी: घडणी

टूथपेस्टचे खोके कडांवरून कापून उलगडा. आधी चिकटवण्याच्या आतल्या पट्ट्या कापून टाका, नाहीतर मूल आठ-नऊ पृष्ठे मोजते. सपाट उरते ती त्या आकाराची घडण. काडेपेटी यासाठी घेऊ नका, तिचे बाहेरचे कवच दोन्ही टोकांना उघडे असते.

घनाची घडण एकच नसते. सहा चौरस बाजूला बाजू लावून 35 वेगवेगळे आकार जुळवता येतात (फिरवलेले किंवा उलटवलेले वेगळे न धरता), त्यांतले 11 दुमडून घन होतात. चौकटीच्या वहीचा कागद द्या आणि मुलांना शोधू द्या. सहाही एका ओळीत ठेवले तर का जमत नाही, दोन ओळींत तीन-तीन ठेवले तर का जमत नाही, हे कापून, दुमडूनच कळते: चौरस एकमेकांवर चढतात आणि एखादे पृष्ठ उघडे राहते.

आता आधी बनवलेला शंकू आणि वृत्तचिती काढा. शंकू साबुदाण्याने काठोकाठ भरून सपाट करा आणि वृत्तचितीत ओता. तीन शंकूंत ती भरते. मोठे दाणे किंवा हाताने दाबून भरणे यामुळे मोजमाप बिघडते, म्हणून साबुदाणा किंवा मोहरी घ्या आणि फूटपट्टीने वरून सारखे करा.

चित्र आता

वस्तू सगळ्या बाजूंनी ओळखीची झाल्यावर चित्राकडे या. आधी फोटो आणि वस्तू यांची जोडी लावणे, वेगवेगळ्या दिशांनी काढलेले फोटो घेऊन: डबा वरून (फक्त वर्तुळ), डबा समोरून (आयत), शंकू वरून (वर्तुळ आणि मधे टोक). मोबाइलवर मुलालाच काढू द्या. नंतर अंधारात टॉर्चच्या प्रकाशात सावल्या. टॉर्च जवळ असेल तर सावली पसरते, म्हणून ती दोन-अडीच मीटर दूर ठेवा आणि वस्तू भिंतीजवळ. डब्याची सावली कधी वर्तुळ, कधी आयत. ज्याने हे पाहिले, तो तक्त्यावरचे तिरके चौकोन पाहूनही मागच्या न दिसणाऱ्या कडांचा विचार करतो.

फसव्या वस्तू

नावे पक्की झाल्यावरच या बाहेर काढा, आधी काढल्या तर गोंधळ वाढतो. बादली आणि पाण्याचा पेला: तोंड रुंद, बूड अरुंद, म्हणून वृत्तचिती नाही. वरच्या आणि खालच्या घेराला दोरी गुंडाळून मुलालाच मोजू द्या. खडूसुद्धा एका टोकाला निमुळता असतो, बारकाईने पाहा. अंडे गोल नाही, फरशीवर ते चेंडूसारखे सरळ जात नाही. नारळही नाही. खोबऱ्याच्या वड्या तिरक्या कापल्या असतील तर त्यांचे वरचे पृष्ठ आयत नसते, म्हणून ती इष्टिकाचिती नाही, तिरक्या चौकोनाची चिती आहे. षटकोनी पेन्सिल न छिललेली असेल तर षटकोनी चिती. मोदक शंकूच्या जवळ जातो, पण त्याच्या भिंती फुगीर असतात. "जवळपास शंकू, पण नाही, कारण..." हे वाक्य मुलाला पूर्ण करायला द्या. 'कारण'नंतर काय येते त्यावरून तो रूप पाहतो आहे की गुणधर्म, हे समजते.

चाळीस मुलांच्या वर्गात

पाच-पाच मुलांचे आठ गट करा, प्रत्येक गटाला बारा वस्तूंचा एक संच जुन्या टोपलीत. आदल्या आठवड्यात मुलांना घरून रिकामे खोके, डबा, झाकण आणायला सांगितले तर आठ संच सहज जमतात. उतार चार पुरतात, दोन गटांत एक. घरंगळवणे चाळीस मुलांत एकाच वेळी चालू ठेवू नका, निम्मे गट उतारावर, निम्मे वाटणीवर, वीस मिनिटांनी अदलाबदल.

तपासणी लेखी घेण्याची गरज नाही. मुलाला एकेकटे बोलवा आणि त्याने कधी न पाहिलेल्या सहा वस्तू, सवयीपेक्षा वेगळ्या ठेवणीत समोर मांडा: आडवी वृत्तचिती, टोकावर धरलेला शंकू, उभी धरलेली चपटी इष्टिकाचिती, कोपऱ्यावर तोललेला घन. नाव विचारा आणि प्रत्येकाला "कसं ओळखलंस?" हा प्रश्न. नाव बरोबर पण कारण 'असाच दिसतो' असेल तर ठसे आणि पिशवी पुन्हा. कारण बरोबर पण नाव आठवत नसेल तर फक्त तिसऱ्या पायरीतला दुसरा टप्पा दोन दिवस घ्या, बाकी काही परत करायला नको.